उभी वीट, आडवी वीट

लालासाहेब ठोंबरेला खुनी म्हणून निवडलं, याचं ठोंबरेवाडीत कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याच्या हातून मरायला जोतीराम कबूल झाला याचं.

वाडीची घरं सातारा जिल्ह्यात आणि निम्मं शिवार सांगली जिल्ह्यात. दोन जिल्हे लाभले म्हणजे सोयीही दुप्पट होतील असा पूर्वजांचा होरा असावा. प्रत्यक्षात काही घडलं की सातारा म्हणतो सांगलीला जा, आणि सांगली म्हणते साताऱ्याला विचारा. सांगलीच्या वीरधवल नावाच्या बत्तीस वर्षांच्या डायरेक्टरला नेमकी हीच गोष्ट सिनेमाजोगी वाटली. त्याच्या सिनेमात शिवेवरच्या विहिरीच्या काठाला एक मढं सापडतं, डोकं एका जिल्ह्यात आणि पाय दुसऱ्यात. दोन ठाण्यांचे फौजदार पंचनामा कुणी करायचा यावर हुज्जत घालत बसतात, आणि खुनी, म्हणजे मेलेल्याचा सख्खा धाकटा भाऊ, त्यांना चहा आणून देतो. सिनेमाचं नाव 'शिवेवरचं मढं'.

शिकलेले नट घ्यायचे नाहीत असं वीरधवलनं ठरवलं होतं. "मला अभिनय नको, मला चेहरे पाहिजेत," असं तो गावच्या तालमीपुढं जमलेल्या लोकांना म्हणाला. चेहरे गावात बक्कळ होते.

पारख साधी होती. कॅमेऱ्यापुढं एक मिनिट उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही. हे लोकांना वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. कुणी केसांवरून हात फिरवला, कुणाला हसू आवरेना, सोसायटीच्या चेअरमननी हात जोडून 'बंधू-भगिनींनो' म्हटलं. लालासाहेब मात्र उभा राहिला तो राहिलाच. चोवीस वर्षं फौजेत काढून तो हवालदार म्हणून घरी आला होता, म्हणजे गावाच्या भाषेत मेजर. सांगेपर्यंत हलायचं नाही, यावरच त्याचं पोट भरलं होतं. वीरधवल 'झालं' म्हणायला विसरला आणि लालासाहेब चार मिनिटं पापणी न हलवता उभा राहिला.

"खुनी मिळाला," वीरधवल सईला म्हणाला. सई त्याची सहायक, वाईची. गळ्यात फोन, हातात जाड वही. आज चित्रात जी वस्तू जिथं होती ती उद्याही तिथंच आहे की नाही, हे बघायचं तिचं काम. एकाच प्रसंगाचे तुकडे आठवडाभर घेतात, आणि मधेच कुणाच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं तर प्रेक्षक गोष्ट सोडून बटणाकडं बघतो, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. गावातून बरंच काही सुटतं, म्हणून गावाला तिचा धाक वाटायचा.

एवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन जोतीराम गर्दी कसली म्हणून बघायला थांबला. वीरधवलनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा लालासाहेबाकडं बघितलं. तेच नाक, तोच खाली ओढलेला ओठ.

"हे दोघं भाऊ म्हणून शोभतील," तो म्हणाला.

मग चेअरमन खाकरून म्हणाले, "भाऊच हायेत त्ये."

"उत्तम," वीरधवल म्हणाला.

पुढचं त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला माहीत असणार, म्हणूनच त्यानं ही जोडी निवडली, असा सगळ्यांचा समज झाला. सांगलीचा माणूस हुशारच असतो, हा समज इकडं फार जुना आहे.

दोघा भावांत अकरा वर्षं अबोला होता. लालासाहेब पेन्शनीवर आला तेव्हा वाटणी झाली. मोजणी चालू असताना बांध वाकडा चाललाय असं तो म्हणाला. जोतीराम म्हणाला, "फौजीला बांध काय कळतोय." लालासाहेब म्हणाला, "मग फौजीसंगं बोलू नगंस." झालं एवढंच. बांध खरोखरच चार बोटं वाकडा निघाला आणि मोजणीदारानं तो सरळही करून दिला, पण तोवर बांधाला काही महत्त्व उरलं नव्हतं. दोघंही दिल्या शब्दाचे पक्के.

जमीन वाटता आली, विहीर वाटता येईना. विहीर एक, मोटार एक, स्टार्टरची पेटी एक. तेव्हा एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा, अशी पाळी पडली. आता न बोलता पाळी कळवायची कशी? यावर तोडगा कुणी काढला हे सांगता येत नाही, कारण तोही न बोलताच निघाला. स्टार्टरच्या पेटीवर एक अर्धी वीट असते. वीट उभी म्हणजे पाळी जोतीरामाची, आडवी म्हणजे लालासाहेबाची. ज्याची पाळी संपली त्यानं संध्याकाळी वीट फिरवून घरी जायचं. दुसऱ्यानं ती आपल्या हातानं फिरवायची नाही, हा कायदा. अकरा वर्षांत तो मोडला नव्हता. हळूहळू त्या विटेची भाषाही वाढली. विटेखाली उसाचं पान असलं म्हणजे फ्यूज गेलाय, सुतळी असली म्हणजे पाइप गळतोय. एका उन्हाळ्यात जोतीरामाची बायको रंगुबाई मिरजेच्या दवाखान्यात होती, तेव्हा वीट आठवडाभर उभीच राहिली. लालासाहेबानं अर्थ बरोबर लावला आणि थोरल्याच्या उसालाही सात दिवस पाणी पाजलं. बोलला मात्र नाही.

बायकांचा अबोला नव्हता. लालासाहेबाची अंजना आणि रंगुबाई दळणाला बरोबरच जायच्या. जगातल्या सगळ्या गोष्टी त्या बोलायच्या, फक्त पाण्याचं काढायच्या नाहीत. पाणी पुरुषांच्या अबोल्यात मोडत होतं.

असं हे सुरळीत चाललं होतं. खोळंबा झाला तो सोनियाच्या लग्नाचा. सोनिया लालासाहेबाची एकुलती एक. तिच्यासाठी मेढ्याचं स्थळ आलं. मुलगा राजवर्धन पुण्यात कंपनीत. मुलगी पसंत पडली, पोहेही पसंत पडले. उठता उठता मुलाच्या वडिलांनी विचारलं, "थोरले दिसले न्हाईत?"

"शेतावर असतील," लालासाहेब म्हणाला. ते खरंही होतं.

"असू द्या. सुपारीला असूंद्या म्हंजे झालं. घरात चुली दोन असल्या तरी आमची हरकत न्हाई, पर थोरला सुपारीला न्हाई म्हंजे पोरीच्या मागं कोन हाय, असं आमच्याकडं चार लोक इचारत्यात."

सुपारीचा रविवार ठरला. अंजनानं दळणाच्या वाटेवर रंगुबाईला विचारून बघितलं. दुसऱ्या दिवशी जोतीरामाचं उत्तर आलं, "भावानं तोंडानं बोलावलं तर येतो. निरोपावर जायाला मी काय वाजंत्री हाय?"

"आवं, नुसतं 'ये' म्हनायचंय," अंजना नवऱ्याला म्हणाली. "ये म्हनायला जातंय काय तुमचं?"

"अकरा वर्सं जात्यात," लालासाहेब म्हणाला.

विटेनं हे काम होण्यासारखं नव्हतं. विटेला फ्यूज सांगता येत होता, रविवार सांगता येत नव्हता.

सिनेमाला तो हो म्हणाला त्याचं कारण हे. गावाला वाटलं, मेजरला नाव पाहिजे. लालासाहेबानं कागद मात्र नकाशा वाचावा तसे वाचले. खुनाचा प्रसंग शेवटून दुसऱ्या पानावर होता. विहिरीवर थोरला भाऊ मोटार बंद करतोय. मागं चाहूल लागते. थोरला म्हणतो, 'कोण हाय?' धाकटा म्हणतो, 'मी हाय, आण्णा.' मग कोयता.

लालासाहेबानं ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसला. लिहिलेलं कुणी का असेना, पहिला शब्द थोरल्याच्या तोंडचा होता. आधी जोतीराम बोलणार, तोही चाळीस माणसांसमोर. मग आपण 'मी हाय, आण्णा' म्हणायचं, त्याला मारायचं, आणि तो उठताना हळूच सांगून टाकायचं की उद्या ये. खुनाचा प्रसंग शनिवारी होता, सुपारी रविवारी. फौजेतसुद्धा इतकी चोख आखणी त्यानं क्वचितच बघितली होती.

पण जोतीरामालाही चष्मा होता. दोनच दिवसांनी तो वीरधवलपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, मी मरनार हाय न्हवं?"

"हो, काका."

"मग मरनाऱ्या मानसाला बोलायला कशाला लावताय? त्ये 'कोन हाय' तेवढं काढा."

वीरधवलनं विचार केला. माणसाला चाहूल लागते, पण तो विचारत नाही. त्याला आधीच माहीत असतं. वीरधवलच्या अंगावर काटा आला. "सई, संवाद काप," तो म्हणाला.

बातमी लालासाहेबाला संध्याकाळी कळली. सकाळी तो वीरधवलकडं गेला. "त्यानं 'कोन हाय' इचारलंच न्हाई, तर मी 'मी हाय' कुनाला सांगू?"

"बरोबर," वीरधवल म्हणाला. "कापू."

"मारतो की मी. तक्रार न्हाई. बोलायचं मातूर जमनार न्हाई."

असं करत करत आठवड्याभरात दोन भावांमधला सगळा संवाद कागदावरून उडाला. जेवणाच्या प्रसंगात थोरला 'मीठ दे' म्हणायचा, तेही गेलं; मीठ आधीच ताटात वाढून ठेवलं. वीरधवल रोज रात्री पुण्याच्या मित्रांना फोन करून सांगायचा की या मातीतल्या माणसांना मौनाची केवढी जाण आहे. लालासाहेबाची आखणी मात्र कोसळली होती. रविवारला सहा दिवस उरले होते.

सिनेमावाल्यांचं एक अजब असतं, पंचनामा आधी आणि खून नंतर. सोमवार ते शुक्रवार विहिरीवर नुसते दोन फौजदार भांडत होते. एक फौजदार इस्लामपूरचा रंगारी आणि दुसरे सोसायटीचे चेअरमन. मढ्याच्या जागी गोधडीत गुंडाळलेले पाइप ठेवले होते. भावांचं तिथं काही काम नव्हतं. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत विहिरीवर शूटिंग चालायचं, दहाला शेतीची लाईट आली की मोटारीच्या आवाजात काही रेकॉर्ड होणं शक्य नव्हतं, म्हणून सगळा लवाजमा गावात जायचा.

सोमवारी पाळी जोतीरामाची होती, म्हणून वीट उभी होती. संध्याकाळी त्यानं ती आडवी केली आणि तो घरी गेला. मंगळवारी दहाला लालासाहेब विहिरीवर आला तर वीट उभी.

त्यानं विटेकडं बघितलं, पाटाकडं बघितलं आणि माघारी वळला. आण्णाचं पाणी काल पुरलं नसेल. एखाद दिवस होतं असं. तासाभरानं मोटारीचा आवाज आला.

बुधवारी वीट उभी. गुरुवारी उभी. लालासाहेबाचा खोडव्याचा ऊस पाण्यावाचून पानांची सुरळी करायला लागला. अंजनानं विचारलं, "वैनीला इचारू का मी?"

"न्हाई. पान्याचं बायकांत गेलं की पंचायतीत जातंय."

"मग तुमी इचारा."

लालासाहेब उठून बांधापर्यंत चालत गेला. भांडण काढायचं तर आज काढता आलं असतं, शिव्या द्यायला अबोला मोडावा लागत नाही. पण रविवारी सुपारी होती. भांडण काढलं की थोरला येत नाही, आणि तोंड उघडून बोलवायचं तर जो तीन दिवस दुसऱ्याचं पाणी पितो त्याला. लालासाहेब घरी येऊन कोयता पारजत बसला. सिनेमाचा कोयता रबराचा होता, सांगलीहून आणलेला. हा घरचा होता. अंजना तो उचलून आत घेऊन गेली.

शुक्रवारी वीट उभीच होती.

शनिवारी खून. सकाळी सातला दोघे भाऊ विहिरीवर आले, एक एका पायवाटेनं, दुसरा दुसऱ्या. पेटीवर वीट उभी. लालासाहेबानं ती बघितली आणि ओठ आणखी खाली ओढला. वीरधवल सईच्या कानात म्हणाला, "चेहरा बघ. आज काही सांगायची गरज नाही."

रक्त साखरेचा पाक आणि मिठाईचा लाल रंग मिसळून केलं होतं. उसाच्या रानात पाक उघड्यावर ठेवणं म्हणजे मुंग्यांना आवतण देणं, हे सांगलीच्या माणसांना माहीत असायला हवं होतं. जोतीरामाला काठावर निजवून त्याच्या मानेवर, सदऱ्यावर रक्त ओतलं. दोन मिनिटांत तांबड्या मुंग्यांची रांग लागली. जोतीराम हलला नाही. "मढ्याला मुंग्या लागनारच," तो वीरधवलला म्हणाला.

आधी पाठमोरा वार झाला, मग कोसळणं. ते दोन्ही नीट पार पडलं. आता शेवटचा तुकडा: थोरला पडलाय, धाकटा कोयता घेऊन त्याच्यावर ओणवा उभा आहे. दोघं एकमेकांकडं बघतात. थोरला डोळे मिटतो. संवाद नाही.

कॅमेरा सुरू झाला. लालासाहेब ओणवा झाला. हातातल्या रबराच्या कोयत्याची मूठ त्यानं अशी आवळली होती की ती चेपली. चार दिवसांचं पाणी त्याच्या तोंडावर दिसत होतं. खाली जोतीराम उताणा, कानाजवळ मुंग्या. आणि त्याच्या तोंडावर मात्र भलतंच काहीतरी. माणूस ज्याला मारतोय त्याच्याकडं असं बघत नाही, आणि ज्यानं मारलं त्याच्याकडं तर नाहीच नाही.

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "लाला, किती दिवस तुजी पाळी मला देनार? तुजा खोडवा वाळला की रं."

कुणी हललं नाही. चेअरमन फौजदाराच्या टोपीसकट उभेच राहिले.

लालासाहेबाला पहिल्यांदा काही उमगलं नाही. त्यानं पाळी कुणाला दिली नव्हती. दिली म्हणतोय कोण, तर चार दिवस घेणारा. मग त्यानं पडलेल्या माणसाचा चेहरा नीट बघितला. त्याला एवढं कळलं की ह्या माणसानं पाणी ढापलेलं नाही. कुणीतरी दिलं म्हणून ह्यानं घेतलंय, आणि देणारा आपण आहोत असं धरून चाललाय. वीट मधे काहीतरी खोटं बोलली होती. ती का बोलली हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आण्णा आधी बोलला होता, हे चाळीस माणसांनी ऐकलं होतं. पुरती माहिती नसताना गोळी झाडायची नाही, असं फौजेत शिकवतात.

"वाळू दे," तो म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "उद्या सोनीची सुपारी हाय. धा वाजता. ये."

"येतो की," मढं म्हणालं. "मेढ्याचंच न्हवं?"

"व्हय."

"रंगू म्हनली." जोतीरामानं मान थोडी वळवली. "सायेब, उठू का? कानात शिरल्यात मुंग्या."

वीरधवलनं 'कट' म्हणायला नेहमीसारखाच उशीर केला. अकरा वर्षांचा अबोला त्याला त्यानंतर चहा पिताना कळला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"आमाला वाटलं, तुमी म्हनूनच घेतलंय ह्यास्नी," चेअरमन म्हणाले.

वीरधवलला तोच तुकडा पुन्हा हवा होता, पण न बोलता. जोतीराम पुन्हा निजला, पुन्हा पाक ओतला. आता अडचण खुन्याची झाली. कितीही सांगितलं तरी लालासाहेबाच्या तोंडावर राग येईना. सात वेळा घेतलं. सातही वेळा जावई घरी आल्यासारखा चेहरा. शेवटी वीरधवलनं पहिलाच तुकडा ठेवला आणि आवाज सांगलीत काढून टाकायचं ठरवलं. पुढं कुठल्याशा महोत्सवात लोकांनी त्याला विचारलं म्हणे, की मरताना तो माणूस ओठ हलवून काय म्हणतो? वीरधवल म्हणाला, ते प्रेक्षकावर सोडलंय.

त्या दिवशी दहाला लाईट आली, तेव्हा जोतीरामानं मानेवरचा पाक धुता धुता वीट स्वतः आडवी केली आणि मोटारही त्यानंच चालू केली. रविवारी तो फेटा बांधून सुपारीला बसला. मेढ्याच्या पाहुण्यांनी चौकशी केली, तेव्हा म्हणाला, "परवा शेतावर हुतो. काल मेलो हुतो. आज हाय." पाहुणे हसले. ठोंबरेवाडीचे लोक विनोदी आहेत असा त्यांचा ग्रह झाला. लग्नपत्रिकेवर वर त्याचं नाव छापलं, खाली लालासाहेबाचं.

पण भाऊ बोलायला लागले म्हणजे काय बोलायला लागले? कामापुरतं. अकरा वर्षांत सवय विटेची झाली होती. पाळी वीटच सांगायची. विटेनं त्या आठवड्यात खोटं का सांगितलं, हा प्रश्न लालासाहेबानं कुणाला विचारला नाही. न दिलेल्या पाण्याचं पुण्य त्याच्या नावावर जमा होतं आणि त्यावर पोरीची सुपारी फुटली होती. फौजेत असं एखादं पदक त्यानं दुसऱ्यांच्या छातीवर बघितलं होतं.

लग्नाला सतरा दिवस उरले असताना दोघांना सांगलीला बोलावणं आलं. आवाज नव्यानं भरायचा होता. संवाद नव्हतेच, पण जोतीरामाचं कण्हणं आणि लालासाहेबाचा श्वास मोटारसायकलच्या आवाजात बुडाला होता. दोघे एसटीनं गेले. स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याच्या मागची खोली, भिंतींना गाद्या मारलेल्या. वीरधवल यायचा होता. तोवर सईनं चहा दिला आणि वेळ जावा म्हणून आपली वही उघडून फोटो दाखवायला घेतले.

"हा सोमवारचा. हा मंगळवारचा. दोन्हींत काही फरक दिसतो का, काका?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाला.

"तेच तर. माझी मेहनत आहे ती." सईला कौतुक करून घ्यायला फारशी संधी मिळत नसे. "फौजदारांच्या मागं तुमची ती लाल पेटी दिसते ना, तिच्यावरची वीट सोमवारी उभी होती. मंगळवारी बघते तर पडलेली. प्रेक्षकाला लगेच कळतं हो. मग मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती उभी करायची. रोज. तुमच्याकडं वारं फार आहे."

लालासाहेबानं कपातल्या चहाकडं बघितलं. शेजारी जोतीरामानं चष्मा लावून पाचही फोटो एकेक करून पाहिले, वही मिटली, आणि सईकडं परत दिली.

"म्हंजे पाळी तू दिली न्हवतीस," तो म्हणाला.

"न्हाई."

"मग मी उगंच आधी बोललो."

"व्हय."

सई दोघांकडं बघत होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, पण हे तिच्या वहीत कुठं लिहायचं ते तिला कळलं नाही. तेवढ्यात वीरधवल आला आणि त्यानं जोतीरामाला काचेपलीकडं नेलं. जोतीराम एकदाच कण्हला. वीरधवल म्हणाला की असं कण्हणं त्यानं कधी ऐकलं नाही, आणि दुसऱ्यांदा मागितलं नाही.

परतीच्या एसटीत दोघे एका बाकावर बसले. पेठ नाक्यापर्यंत जोतीराम खिडकीबाहेर बघत होता आणि नाक्यानंतरही. लालासाहेबाच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत पाहुण्यांना वाटायच्या पत्रिका. वर जोतीरामाचं नाव. वाडीच्या फाट्यावर उतरून दोघे आपापल्या पायवाटेला लागले.

"काय झालं?" अंजनानं तोंड बघूनच विचारलं.

"काय न्हाई."

"भावजी बोललं का?"

"सांगलीपस्तर बोलत हुता."

तिनं पिशवीतल्या पत्रिका काढून देव्हाऱ्यापुढं ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी जोतीरामाची होती. लालासाहेब तरी दहाला विहिरीवर गेला, वीट बघायला. वीट आडवी होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं. सिनेमावाले कुणी नव्हते, वारंही नव्हतं. त्यानं मोटार चालू केली, दिवसभर खोडव्याला पाणी पाजलं, आणि संध्याकाळी वीट उभी करून घरी आला. सकाळी वीट आडवी. तिसऱ्या दिवशी आडवी. चौथ्या दिवशी आडवी. जोतीरामाच्या उसाची पानं दुपारची मिटायला लागली होती, पण त्याच्या पायवाटेनं कुणी आलं नाही. विटेखाली पान नव्हतं की सुतळी नव्हती. जे सांगायचं होतं ते नुसत्या विटेत मावत होतं.

पाचव्या दिवशी वीट उभी होती आणि पेटीशेजारी जोतीराम बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. लालासाहेब चार पावलांवर थांबला.

"चार झाल्या," जोतीराम म्हणाला.

"व्हय."

"त्या पोरीनं दिल्या हुत्या, तुज्या हुत्या. फिटलं."

"फिटलं."

जोतीरामानं उठून स्टार्टरचं बटण दाबलं. मोटार सुरू झाली, पाण्यानं पाइपात उचकी दिली. तिच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"मांडवाला बांबू कुनाचं आननार?"

"चेअरमन देतो म्हनतोय."

"त्याचं किडल्यालं हायेत. माज्यातलं तोड. आनि आजची पाळी माजी हाय, तवा आज नगं. उद्या ये."

लालासाहेब बरं म्हणाला. जाता जाता त्याचा हात सवयीनं विटेकडं गेला.

"ती ऱ्हाऊ दे," जोतीराम म्हणाला. "मोटारीचं तिच्यावरच बरं हाय. आपल्या दोघांपरीस कमी बोलती."